दुसऱ्याच्या पानात वाढताना

चार ओळींच्या दुरुस्तीसाठी नऊशे ओळी बदलणारा माणूस कसा असतो, हे मला कोणाला विचारावे लागत नाही. तो मीच होतो. काही वर्षांपूर्वी एका लहानशा मुक्तस्रोत संगणक-प्रणालीत मला एक दोष आढळला. पानाच्या कडेला जागा संपली की ती प्रणाली देवनागरी शब्द नको तेथे तोडत असे. ‘पुणे’मधला ‘ण’ एका ओळीत आणि त्याची मात्रा बिचारी पुढच्या ओळीच्या आरंभी एकटी उभी! मराठी माणसाला हे पाहवत नाही. दोन रात्री जागून मी दोषाचे मूळ शोधले. प्रणाली लिहिणाऱ्याने काना, मात्रा, वेलांटी यांना स्वतंत्र अक्षरे मानले होते. चार ओळी लिहिल्या, दोष गेला. मोठ्या अभिमानाने मी ती दुरुस्ती प्रकल्पाच्या चालकाकडे पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी उत्तर आले. ‘तुम्ही नऊशे बारा ओळी बदलल्या आहेत. त्यांतल्या तुमच्या कोणत्या?’

झाले होते ते असे. मी ज्या एडिटरमध्ये लिहितो (एडिटर म्हणजे येथे लिहिण्याचे साधन, पुरवणीच्या संपादकांनी गैरसमज करून घेऊ नये) त्याला मी कधीकाळी सांगून ठेवले होते की, फाइल साठवताना सगळे टॅब काढून त्यांच्या जागी चार-चार स्पेस घाल. त्याने ते इमानेइतबारे केले होते. मूळ प्रकल्पात टॅबचा नियम होता. तो एका स्वतंत्र फाइलमध्ये लिहूनही ठेवलेला होता. मी ती उघडली नव्हती. आता माझ्या चार ओळी शोधायच्या, तर त्या गृहस्थाला नऊशे बारा ओळी चाळणे भाग होते. आणि हे काम तो नोकरी सांभाळून, रात्री, फुकट करत होता.

हे सगळे आज सुचते. त्या वेळी मात्र मला राग आला. इकडे देवनागरी मोडून पडते आहे आणि हे महाशय मोकळ्या जागा मोजत बसले आहेत, असे वाटले. तीन आठवडे मी उत्तर दिले नाही. मग राग ओसरला, चार ओळी वेगळ्या काढून पाठवल्या आणि त्या त्याच संध्याकाळी स्वीकारल्या गेल्या. परक्या प्रकल्पात हातभार लावायचा तर तिथली लिहिण्याची शिस्त, पटो वा न पटो, निमूटपणे पाळावी, असे आज माझे ठाम मत आहे. पण ‘निमूटपणे’ हा शब्द लिहिताना लेखणी थोडी अडखळते. कारण मधल्या काळात मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूलाही बसून आलो आहे आणि तिथे माझ्या हातून जे घडले ते फारसे शोभादायक नाही. त्याकडे येतोच.

ज्यांचा या जगाशी संबंध नाही त्यांना वाटेल, की संगणकाला दिलेल्या आज्ञा बरोबर असल्या म्हणजे झाले. त्या कशा मांडल्या याच्याशी कोणाला काय? संगणकाला खरोखरच काही नसते. ‘सी’ भाषेत लिहिलेली आज्ञावली सगळी एका ओळीत कोंबली तरी तो ती बिनतक्रार चालवील. मांडणी असते ती माणसासाठी. पायथॉन या भाषेचे जनक गीडो व्हान रॉसम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ‘पेप ८’ नावाची नियमावली लिहिली. तिच्या मुळाशी एक साधे निरीक्षण आहे : आज्ञावली लिहिली जाते त्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा वाचली जाते. मुक्तस्रोत प्रकल्पात तर हे दुपटीने खरे, कारण तिथे वाचणारा लिहिणाऱ्याला ओळखत नाही. शेजारच्या खुर्चीकडे वळून ‘अरे, हे काय लिहिलेस?’ असे विचारण्याची सोय नसते.

आपल्याकडच्या पंगतीत पानावर पदार्थांच्या जागा ठरलेल्या असतात. वर मीठ-लिंबू, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये भात. यात पाकशास्त्राचा काही संबंध नाही. कोशिंबीर उजवीकडे वाढली म्हणून ती आंबत नाही. पण शंभर पानांच्या पंगतीत वाढप्या झरझर पुढे सरकत असतो तेव्हा कोणाच्या पानात काय संपले हे त्याला एका नजरेत कळते, ते केवळ जागा ठरलेल्या असतात म्हणून. एखाद्याने आपल्या आवडीने भाजी डावीकडे घेतली, की त्या पानापाशी वाढप्या थबकतो. लिनक्सच्या गाभ्यावर काम करणाऱ्यांच्या हाताखालून रोज किती पाने जात असतील याची कल्पना केली, म्हणजे तिथल्या कडक शिस्तीचा अर्थ लागतो.

लिनक्सची ही नियमावली मुळातून वाचण्याजोगी आहे. १९९१ साली हेलसिंकीत विद्यार्थी असताना लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स सुरू केले, आणि नियमावलीवर त्यांच्या स्वभावाचा ठसा उघड दिसतो. रिचर्ड स्टॉलमन यांच्या ‘ग्नू’ प्रकल्पाचे नियम छापून घ्या आणि न वाचता जाळून टाका, असा सल्ला तिच्या आरंभीच आहे! आत सरकण्याची प्रत्येक पायरी आठ अक्षरांची. ती चारची किंवा दोनची करू पाहणारे पाखंडी. ‘पाय’ची किंमत तीन ठरवण्यासारखेच ते. आठच का, याचे कारण मात्र अगदी व्यवहारी दिले आहे : वीस तास पडद्याकडे पाहून डोळे शिणले, की मोठी पायरीच दिसते. आणि तीनपेक्षा जास्त पायऱ्या आत उतरावे लागत असेल, तर दोष पायरीचा नाही, तुमच्या आज्ञावलीचा आहे, ती सुधारा. हा शेवटचा मुद्दा मला फार पटतो. घरात जिन्याखाली जिना, त्याखाली आणखी जिना निघू लागला, तर वास्तुविशारदालाच बोलावले पाहिजे.

गंमत अशी, की ‘ग्नू’मध्ये पायरी दोनची, पायथॉनमध्ये चार स्पेसची आणि ‘गो’ भाषेत पुन्हा टॅबची. प्रत्येक पंथाकडे आपापली शास्त्राधार असलेली कारणे. शैव-वैष्णवांनी एकमेकांकडे पाहावे तसे हे लोक वर्षानुवर्षे एकमेकांकडे पाहत आले आहेत. मग यातले खरे कोणते? माझे उत्तर असे, की हा प्रश्नच चुकीचा आहे. त्यासाठी २०१४ सालची एक गोष्ट सांगितली पाहिजे.

त्या वर्षी २१ फेब्रुवारीला अॅपल कंपनीने आपल्या फोनसाठी एक तातडीची दुरुस्ती प्रसिद्ध केली. फोन जेव्हा एखाद्या बँकेच्या संगणकाशी सुरक्षित संबंध जोडतो, तेव्हा समोरचा खरोखर बँकेचाच आहे ना, हे तो त्याची सही तपासून ठरवतो. ही तपासणी पायरीपायरीने होते. प्रत्येक पायरीवर ‘काही चुकले असेल तर शेवटाकडे उडी मार’ अशी अट असते. ‘गो टू फेल’ ही ती उडी. एके ठिकाणी ही उडीची ओळ चुकून दोनदा लागोपाठ आली होती. दोन्ही ओळी सारख्याच आत सरकवलेल्या. पाहणाऱ्याला वाटावे की दोन्ही अटीखालीच आहेत. परंतु महिरपी कंस घातलेला नसेल, तर ‘सी’ भाषेत अटीचा अंमल तिच्या लगतच्या एकाच आज्ञेवर चालतो. दुसरी उडी अटीबाहेर पडली. म्हणजे काहीही चुकलेले नसताना फोन दर वेळी शेवटाकडे उडी मारत होता, सही तपासण्याची खरी पायरी वगळली जात होती आणि तोवर काही चुकलेले नसल्यामुळे निकाल ‘सर्व ठीक’ असा लागत होता. दरम्यान कोणी लबाड बसला असता तर त्याला बँकेचा मुखवटा चढवता आला असता.

हा दोष सप्टेंबर २०१२ मध्ये आलेल्या आवृत्तीपासून होता. सुमारे दीड वर्ष. आणि ही आज्ञावली अॅपलने जगाला पाहण्यासाठी खुली ठेवलेली होती. ‘डोळे पुष्कळ असले की दोष लपत नाही’ असे या क्षेत्रात मोठ्या विश्वासाने सांगितले जाते. डोळे होतेच; पण मांडणीने त्यांना जे दाखवले तेच त्यांनी पाहिले.

यावर ‘एका ओळीलाही कंस घाला’ म्हणणाऱ्यांचा विजय झाला, असे कोणालाही वाटेल. अनेकांनी तसे म्हटलेही. पण थांबा. लिनक्सची नियमावली बरोबर उलटे सांगते : एकच आज्ञा असेल तर उगाच कंस घालू नका. आणि जगातले असंख्य संगणक त्याच लिनक्सवर चालतात. तेव्हा एकच नियम सत्य आणि बाकीचे मिथ्या, असे काही निघत नाही. निघते ते एवढेच, की माणसाचा डोळा मांडणीवर विश्वास ठेवतो, म्हणून मांडणी खोटे बोलता कामा नये. पुढे २०१६ साली ‘जीसीसी’ या कंपायलरच्या सहाव्या आवृत्तीत अशी फसवी पायरी दिसताच इशारा देण्याची सोय आली. हे काम यंत्राचे होते, ते यंत्राकडे गेले. बरे झाले.

त्याच २०१४ च्या एप्रिलमध्ये ‘ओपनएसएसएल’मधला ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष उघड झाला. तो मांडणीमुळे झाला नव्हता, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. नाहीतर प्रत्येक तापाला आपलेच औषध सांगणाऱ्या वैद्यासारखे व्हायचे. पण पुढे काय घडले ते पाहा. ‘ओपनबीएसडी’च्या मंडळींनी त्या आज्ञावलीची स्वतंत्र शाखा काढली आणि आरंभीच्या कामांतच सगळी मांडणी आपल्या घरच्या पद्धतीने लावून घेतली. त्याशिवाय वाचणार कसे? मूळ ‘ओपनएसएसएल’नेही २०१५ मध्ये आपली सबंध आज्ञावली नव्या नियमांनुसार बसवली. आधी आवरून घ्यायचे, मग हरवलेली वस्तू शोधायची, हे कोणत्याही गृहिणीला सांगावे लागत नाही.

म्हणजे मग मी नऊशे ओळी आवरल्या त्यात माझे काय चुकले? चुकले असे, की मी ते न विचारता, दुसऱ्या कामाच्या आड केले आणि माझ्या घरच्या पद्धतीने केले. अशा प्रकल्पात प्रत्येक ओळीचा जन्मदाखला असतो. ती कोणी, कधी, कशासाठी लिहिली हे ‘गिट’ला विचारले की तो सांगतो. ही ओळ विचित्र दिसते, काढून टाकावी का, असा प्रश्न पडला की आपण तो दाखला पाहतो आणि कळते, की सहा वर्षांपूर्वी एका विशिष्ट छपाईयंत्रासाठी ती घातली होती. माझ्यासारखा कोणी येऊन सगळ्या ओळींच्या मोकळ्या जागा बदलून गेला, की नऊशे ओळींच्या दाखल्यावर एकच नाव लागते : माझे. गावातल्या सगळ्या सातबाऱ्यांवर तलाठ्याने स्वतःचेच नाव चढवावे तसे हे झाले. अशा निव्वळ आवराआवरीच्या नोंदी वगळून मागचा दाखला पाहण्याची सोय गिटमध्ये आली ती २०१९ साली. तीही प्रकल्पाने त्या नोंदी वेगळ्या ठेवल्या असतील तरच उपयोगी.

आणि एक भीती आहे, जी मला पूर्वी सुचली नव्हती. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या साध्याशा दिसणाऱ्या प्रणालीत कोणीतरी चोरदरवाजा बसवल्याचे उघड झाले. दोनेक वर्षे गोडीगुलाबीने काम करून त्या व्यक्तीने चालकाचा विश्वास मिळवला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात प्रवेश करताना अर्धा सेकंद जास्त का लागतो, असा प्रश्न पडला, म्हणून ते बिंग फुटले. त्या प्रकरणातला एक बदल तर एका टिंबाचा होता. बांधणीच्या फाइलमध्ये नको तेथे पडलेले एक टिंब. त्यामुळे एक चाचणी कायम नापास होई आणि संरक्षणाची एक भिंत गुपचूप उभीच राहत नसे. एक टिंब! माझ्या नऊशे बारा ओळींत मी असली किती टिंबे लपवू शकलो असतो? चालकाने मला विचारलेला प्रश्न उर्मट नव्हता. तो त्याच्या कामाचा गाभा होता.

येथवर मी नियमांची वकिली केली. आता दुसरी बाजू. नियम कोठून येतात तेही पाहिले पाहिजे. ओळ ऐंशी अक्षरांपेक्षा लांब नको, हा दंडक आयबीएमने १९२८ साली आणलेल्या ऐंशी रकान्यांच्या छिद्रपत्रापासून चालत आला. छिद्रपत्रे गेली, त्यांच्या मापाचे पडदे आले. ते पडदेही गेले, पण ऐंशी राहिले. लिनक्समध्ये २०२० साली तपासणीची मर्यादा शंभरावर नेण्यात आली, तेव्हाही काही जणांना गहिवर दाटला असेल. पायथॉन अजून एकोणऐंशीवर आहे.

भाषेचा प्रश्न याहून अवघड. ‘पेप ८’ सांगते, की टिपा इंग्रजीत लिहा. आपली भाषा न जाणणारा कोणी हे कधीच वाचणार नाही याची शंभर नव्हे, एकशे वीस टक्के खात्री असेल तरच स्वभाषेत लिहा. पायथॉन निदान देवनागरी नावे चालवून तरी घेते. ‘गो’ भाषेच्या नियमानुसार नावात फक्त अक्षरे आणि अंक चालतात, जोडचिन्हे नाहीत. म्हणजे काना-मात्रा नाहीत. ‘घर’ चालेल, ‘शाळा’ चालणार नाही. देवनागरी यामुळे बाहेर राहते हे त्या भाषेचे कर्तेही लपवत नाहीत. त्यातून बाहेर वापरायचे नाव मोठ्या लिपीतल्या अक्षराने सुरू व्हावे अशी अट. आपल्या लिपीत लहान-मोठे अक्षर असा भेदच नाही! मी इंग्रजीतच लिहितो, कारण माझी आज्ञावली उद्या ब्राझीलमधला कोणी वाचणार आहे. पण हा सोयीचा करार आहे, निसर्गनियम नव्हे, आणि त्याची किंमत सगळे सारखी मोजत नाहीत, हेही कोणीतरी मोकळेपणाने म्हटले पाहिजे.

आणि नियमांना एक व्यसन चिकटते. पार्किन्सन यांनी १९५७ सालीच ते सांगून ठेवले : अणुभट्टीचा खर्च समिती काही मिनिटांत मंजूर करते आणि सायकलींच्या शेडवर घोळ घालत बसते, कारण अणुभट्टी कोणाला कळत नाही, शेड सर्वांना कळते. ज्यांनी आपल्या गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा पाहिली आहे त्यांना हे पार्किन्सनने सांगायची गरज नाही. तज्ज्ञाचा दुरुस्ती-अहवाल एका हात वर करण्यात संमत होतो आणि जिन्याला कोणता रंग द्यावा यावर रात्रीचे साडेदहा वाजतात. आज्ञावली तपासणाऱ्यांचेही तसेच. मूळ गणित समजून घ्यायला तास लागतो. स्वल्पविरामानंतर जागा नाही हे क्षणात दिसते. मग तेवढेच लिहून मोकळे व्हायचे, आणि तपासल्याचे समाधान वर!

मी हेच केले. पुढे मी एका प्रकल्पात तपासणीचे काम करू लागलो होतो. महाराष्ट्रातल्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलाने पहिलीवहिली दुरुस्ती पाठवली. टॅबच्या जागी स्पेस, कंस भलत्या ओळीवर, शेवटी मोकळ्या जागांची शेपटे. रात्रीचे अकरा वाजले होते. मी लिहिले : ‘आधी नियमावली वाचा, मग पाठवा.’ शब्दाने खोटे नव्हते. त्याने परत काही पाठवले नाही.

मराठीत हे मला कळायला हवे होते. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली चौदा होते, १९७२ साली अठरा झाले. ते असावेत याबद्दल माझी तक्रार नाही, हा मजकूर त्यांच्याच आधाराने छापला जात आहे. पण ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ हे शब्द आपल्याकडे फक्त ऱ्हस्व-दीर्घापुरते कधीच राहिले नाहीत. किती मुलांनी वहीवरची लाल रेघ पाहून लिहिणेच सोडले, याची नोंद कुठल्या सातबाऱ्यावर नाही. नियम वाचकाच्या सोयीसाठी आहे हे सांगणे वेगळे आणि दारात उभे राहून पायपुसण्याकडे बोट दाखवणे वेगळे.

म्हणून मला ‘गो’वाल्यांनी केले ते आवडते. २००९ साली त्यांनी भाषेबरोबरच ‘गोफम्ट’ नावाचे साधन दिले. तुम्ही कसेही लिहा, ते एकाच साच्यात बसवून देते. तो साचा मनापासून कोणालाच आवडत नाही, पण साधन सर्वांना आवडते, असे त्या भाषेच्या कर्त्यांपैकी एक असलेले रॉब पाइक यांनीच म्हटले आहे. पायथॉनसाठी २०१८ साली ‘ब्लॅक’ आले. रंग कोणताही घ्या, काळा असला म्हणजे झाले, या फोर्डच्या गाडीविषयीच्या प्रसिद्ध वचनावरून त्याचे नाव. यंत्र चूक दाखवते तेव्हा माणसाचा अपमान होत नाही. रात्रीच्या अकरा वाजताही त्याचा सूर चढत नाही. आमच्या प्रकल्पातही आता असे साधन आहे. ते बसवावे म्हणून मीच हट्ट धरला. कशामुळे, ते सहकाऱ्यांना सांगितले नव्हते.

त्या मुलाने दाखवलेला दोष वर्षभराने दुसऱ्या कोणाला पुन्हा सापडला. मी जुनी दुरुस्ती शोधून काढली. ती बरोबर होती. शेपटे छाटायला, कंस जागी आणायला मला जेमतेम दहा मिनिटे लागली. गिटमध्ये कर्त्याचे आणि नोंद करणाऱ्याचे नाव वेगळे लिहिता येते. कर्ता म्हणून त्याचे नाव घातले, नोंद माझ्या नावे केली, आणि त्याने दिलेल्या महाविद्यालयाच्या पत्त्यावर तसे कळवले. तो पत्ता आता बंद झाला असल्याचे उत्तर यंत्राने दिले, अगदी ठरल्या मांडणीत.